राम मारुती रोडवरचा चुण्यांचा सेट, तीन महिन्यांनी

ठाण्यात राम मारुती रोडच्या एका गल्लीतल्या छोट्या दुकानातून प्लीटेड टॉप-पॅन्टचा सेट घेतला, गडद हिरवा, सांगितले २,२०० आणि दिला १,८५० ला (‘फिक्स रेट’ची पाटी आहे पण मनावर घेऊ नका). अख्खा पावसाळा काढला त्यात म्हणून आता लिहितेय.

‘जपानी कापड आहे मॅडम’ दुकानातल्या बाई म्हणाल्या. कापड कुठलं जपानी, आयडिया जपानी. इस्से मियाके या डिझायनरने १९९३ मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ हा चुण्यांच्या कपड्यांचा ब्रँड आणला, त्यात आधी अख्खा कपडा शिवतात तोच मुळी अडीच-तीन पट मोठा, म्हणजे घातला तर तंबूच, आणि मग कागदाच्या थरांमध्ये घालून गरम प्रेसमधून काढतात. पॉलिस्टर असल्याने गरम असताना बसलेली घडी गार झाल्यावर पक्की होते, सुती कापडाची धुतल्यावर मोडेल, त्यामुळे सिंथेटिक म्हणून उगाच नाक मुरडू नका.

माझ्या सेटचं उलटं आहे, चुण्या पाडलेलं कापड आणून मग कापून शिवलंय. खांद्याची शिवण बघा, तिथे चुण्या दोऱ्याखाली चेपल्यात आणि बगलेत एका बाजूच्या रेघा दुसऱ्या बाजूला भेटतच नाहीत. पण ओरिजिनलच्या किमतीत असे किती सेट येतील ते मी मोजणार नाहीये.

घामाचं टेन्शन होतं, पण कापड अंगाला सपाट चिकटत नाही, चुण्यांच्या नुसत्या कडा टेकतात, त्यामुळे सकाळच्या लोकलच्या गर्दीतही ठीक वाटतं आणि उतरल्यावर चुरगळलेलं दिसत नाही (आधीच चुरगळलेलं, अजून काय चुरगळणार). वास मात्र धरतं, रोज धुवाच. रात्री धुवून पंख्याखाली टाकलं की सकाळी कोरडं. हँगरला लावू नका, मी गुंडाळी करून ठेवते.

आता रडगाणं. आईने ‘काय गं हे, बोळा झालाय नुसता’ म्हणत प्रेमाने उजव्या बाहीवर इस्त्री फिरवली. उष्णतेने बसलेली घडी उष्णतेनेच गेली, बाही कोपरापासून घंटेसारखी फुगलीये आणि डावी आहे तशीच. दुकानात नेलं तर बाई हसल्या, म्हणाल्या होत नाही आता काही. पण इस्त्री करू नका हे विकतानाच सांगायला नको का, आत साधं लेबलही नाही! साडेतीन स्टार.

सध्या उजव्या खांद्यावर स्टोल घेऊन फिरतेय. वाईन कलर आला की कळवा म्हणून नंबर पण देऊन आलेय.