गच्चीवरचा डॉप्लर लायडार: भाड्याच्या यंत्राचा सहा आठवड्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात पुण्यात पाषाण येथील आमच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आठवड्यांसाठी भाड्याने आणलेला डॉप्लर लायडार, म्हणजे लेसर झोताने वरच्या हवेतला वारा मोजणारे यंत्र, बसवला होता. पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला आकाशात हिरवा झोत दिसेल अशी आशा असे, प्रत्यक्षात १.५५ मायक्रॉनचा हा अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाही.

वाऱ्याच्या मापनाबाबत यंत्राला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. हवेतल्या धूलिकणांवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता कणांच्या वेगानुसार बदलते आणि झोताच्या दिशेने सेकंदाला १ मीटर वेग असेल, तर हा बदल सुमारे १.३ मेगाहर्ट्झ भरतो. वेगवेगळ्या दिशांना झोत तिरका फिरवून दर काही मिनिटांनी वाऱ्याचा वेग व दिशा उंचीनिहाय मिळत गेली. वारा मोजण्यासाठी सोडलेला आणि थिओडोलाइटने (कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने) पाहिला जाणारा फुगा ढगात शिरला की हातचा जातो. झोतही दाट ढगात फार आत पोचत नाही, पण ढगाखालचा वारा रात्रंदिवस नोंदला जातो. मात्र जोराची सर धूलिकण धुऊन नेते, त्यानंतर वरच्या उंचीचे रकाने रिकामे राहतात. आणि सर चालू असताना उभ्या झोतात हवेचा नव्हे, तर थेंबांच्या पडण्याचा वेग उमटतो.

ढगांच्या तळाची उंची उभ्या झोतातून चांगली मिळते. एका सकाळी पडद्यावर ६०० मीटर आकडा होता आणि सिंहगडाचा माथा, जो पुण्याच्या जमिनीपासून साधारण ७४० मीटर वर आहे, ढगात बुडालेला होता. डोंगरावर ढग अधिक खाली उतरत असल्याने हा पडताळा ढोबळच म्हणायचा. केवळ ढगांची उंची हवी असेल, तर सिलोमीटर घ्यावा, तो बराच स्वस्त पडतो.

तक्रार पुरवठादाराच्या सेवेविषयी आहे. क्षितिजापासून ६० अंश वर रोखलेल्या तिरकस झोताच्या तक्त्यात ‘उंची’ या शीर्षकाखाली झोताच्या मार्गावरील अंतर छापले जात होते, म्हणजे १००० मीटर दिसे तेथे खरी उंची ८६६ मीटर होती. आम्ही हे दुसऱ्या आठवड्यात कळवले. दुरुस्त केलेली संगणक प्रणाली यंत्र परत नेल्यानंतर आली.