बसस्थानकामागचा सामायिक फ्रीज: जेवण चोख, फलक अर्धवट

पणजीच्या कदंब बसस्थानकामागच्या वस्तीत रहिवाशांनी वर्गणी काढून हा फ्रीज चालवला आहे. शीतपेयांच्या दुकानात असतो तसा काचेच्या दाराचा, साधारण ३०० लिटरचा. अन्न कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं. नाव विचारत नाहीत, फोटो काढत नाहीत, रांगेत उभं करत नाहीत. त्यामुळे अन्नदानाच्या पंगतीला बसायला जो संकोचतो, तोही इथून पोय (गोव्याचा कोंड्याचा पाव) आणि पातळभाजी उचलून जातो. रस्त्यावर झोपणाऱ्यांसोबत बांधकामावरचे मजूरही घेतात. घेऊ देत.

मांडणी जाणत्याच्या हातची आहे. फ्रीज सहा इंची चौथऱ्यावर, वर पत्रा, मागे भिंतीपासून वीतभर मोकळी जागा. वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवलाय, आणि तो हवाच: पावसात अनवाणी, ओल्या पायांची माणसं त्या दाराला हात लावतात. असा फ्रीज सुरू करणाऱ्यांनी रंगरंगोटीआधी इथे पैसे घालावेत. खाऱ्या हवेनं मागची जाळी गंजते, दमट दिवसांत दाराच्या रबराला काळी बुरशी धरते. रबर दर आठवड्याला साबणाच्या पाण्यानं पुसलं नाही तर दार नीट मिटत नाही, आणि मग आतलं तापमान ५ अंशांखाली राहत नाही. आत थर्मामीटर टांगलेला आहे. अन्न ठेवण्याआधी त्यावर एक नजर टाका. वीज गेली तर दार बंद ठेवल्यास चारेक तास निभावतं. त्यापुढे शिजवलेलं सगळं टाकून द्यायचं. वास घेऊन ठरवू नये.

सगळ्यात जास्त घोळ भाताचा होतो. लग्नाच्या हॉलवरून दुपारी तीनला गरम भाताचं पातेलं येतं आणि थेट आत जातं. मधला भात तासन्‌तास कोमट राहतो, शेजारचं दूधही तापतं. शिजवल्यावरही तगून राहणारे जिवाणू अशा कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की पुन्हा गरम करून ते जात नाही. म्हणून भात दोन इंचांहून खोल नसलेल्या डब्यांत पसरा, पंख्याखाली निववा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. माणशी पाव किलो पुरे. कडी, म्हणजे नारळाच्या रसाचं कालवण, वेगळ्या डब्यात, कारण नारळाचा रस आधी आंबतो आणि सोबत भातही वाया जातो. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कोळंबी इथे घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी उकड्या तांदळाची पेज सगळ्यात उपयोगी. ती मात्र फारशी कुणी आणत नाही.

डब्यावर मास्किंग टेप लावून पदार्थ, शाकाहारी की मांसाहारी, शिजवल्याची वेळ आणि कुठून आला एवढं लिहायचं. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे केंद्रीय नियमही साधारण हेच मागतात. सकाळी सातला आदल्या दिवसाचं सगळं काढतात. हा कडकपणा काहींना खटकतो, पण त्याच जोरावर फ्रीज टिकलाय.

चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) आणि लाडू ठेवायला जागा नसते, आणि एरवी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आत दोन पाव. सणाचा उत्साह मंगळवारी दाखवा: केळी, सालासकट उकडलेली अंडी, पोय. जूनमध्ये ताडपत्रीचा तुकडा आणि ओआरएसची पाकिटं शेजारच्या लाकडी खणात ठेवा.

आता इथला मदतीच्या फोन नंबरांचा फलक. त्यावर नुसते आकडे आहेत, कुठला नंबर कधी लावायचा ते नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठच चालते. रात्री तिथे फोन करून लोक हताश होतात. १०९८ मुलांसाठी, १८१ महिलांसाठी. माणूस शुद्धीवर नसेल तर थेट १०८, आणि जवळची ठळक खूण सांगा. भरकटलेल्या मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत टाकायचं नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. हे फलकावर ठळक लिहिलं तर ठाण्यावर वाद घालावा लागणार नाही. प्रोविदोरिया या गोवा सरकारच्या साहाय्य संस्थेचे वृद्धाश्रम आहेत, पण रात्री अकराला दार ठोठावायची ती जागा नव्हे. तिथे अर्ज करून प्रवेश मिळतो. तेही फलकावर लिहिलेलं नाही.

शिवाय ज्यांना चालवत नाही किंवा जे माणसांना बिचकतात, ते इथवर येतच नाहीत. त्यांच्यासाठी संध्याकाळी दोघांनी डबे घेऊन फेरी मारायला हवी. एकट्यानं नको. झोपलेल्याला हलवून उठवायचं नाही. डबा हाताच्या अंतरावर, झाकण घट्ट, नाहीतर कुत्री नेतात.

पाचपैकी साडेतीन. एक गुण अर्धवट फलकाचा गेला, आणि अर्धा कापला तो रात्री दहाला दाराला साखळी घालतात म्हणून. चोरीची भीती समजते, पण बिस्किटं, केळी आणि पाण्याच्या बाटल्यांची एक टोपली बाहेर ठेवायला साखळी आड येत नाही.