जुनी स्पीडबोट: स्टर्नड्राइव्ह की आउटबोर्ड?

बेळगावात राहून समुद्रातली बोट घ्यायची, तर ती वेंगुर्ल्याला नाहीतर गोव्यात ठेवावी लागते आणि आपण आंबोली किंवा चोर्ला घाट उतरून जायचं. मधले कितीतरी दिवस बोटीकडे कुणी फिरकत नाही. माझ्या मते निवड याच मुद्द्यावर ठरते.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं आणि ड्राइव्ह, म्हणजे पंखा फिरवणारा भाग, मागे पाण्यात. मोठ्या व्ही-8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची ओढ आणि घुमणारा आवाज मनात भरतो, हे खरंच. पण खारं पाणी थेट इंजिनात फिरत असेल, तर बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे भाग) आतून गंजत जातात आणि एक दिवस पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. उद्यमबागेत फाउंड्रीत राबलेल्यांना बीड कसं पोखरतं ते वेगळं सांगायला नको. ड्राइव्हचे रबरी बेलोज, म्हणजे भात्यासारख्या घड्यांची नळकांडी, हाताने दाबून, घडी न् घडी उलगडून बघा. बारीक चीर दिसली तरी सौदा थांबवा. तिथून पाणी शिरून बोट धक्क्याला बांधल्या जागी बुडू शकते.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन. अशी दोन असतील तर ती वर उचलून पाण्याबाहेर ठेवता येतात, गोड्या पाण्याने धुता येतात. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर किनारा गाठता येतो. मात्र त्यांचं सगळं वजन ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर येतं. तिथे ठोकून बघा. आवाज भद्द आला तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं.

गिअर ऑइल दोन्हींचं बोटावर घेऊन पाहायचं. दुधाळ दिसलं, तर सील गेलंय.

घाटावर राहणाऱ्याने आउटबोर्डच घ्यावं, दोन पैसे जास्त गेले तरी.