दांडिया बाजारजवळचं मराठी काउन्सेलिंग सेंटर : आईला घेऊन गेले होते, अनुभव लिहितेय

ज्यांचे आईवडील म्हातारपणी गाव सोडून वडोदऱ्याला मुलामुलींकडे राहायला आलेत आणि आल्यापासून त्यांचं काहीतरी बिनसलंय, झोप नाही, धडधड होते, सारखं बीपी बघा म्हणतात आणि सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सेंटर दांडिया बाजारच्या बाजूला एका जुन्या बिल्डिंगमध्ये आहे. मॅडम बडोद्याच्याच मराठी, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत आणि आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन आहे, ते सर्टिफिकेट समोर भिंतीवरच लावलंय. (तुम्ही कुठेही गेलात तरी हे आधी विचारा, आजकाल काउन्सेलर अशी पाटी कोणीही लावतं.) जाहीर नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही.

आता आईचं सांगते म्हणजे रिव्ह्यू कशाचा आहे ते कळेल. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. बाबा गेल्यावर आई तासगावजवळच्या गावी एकटीच राहत होती, मग गुडघे गेले आणि मी तिला इकडे मांजलपूरला घेऊन आले. शेत खंडाने दिलंय. इथे सगळं सुखात आहे, माझे मिस्टर तर तिला माझ्याहून जास्त जपतात, पण दोनेक महिन्यांतच पहाटे उठून बसायला लागली, छातीत धडधड, हातपाय गार, "जीव घाबरा होतोय गं" एवढंच म्हणायची. गावाकडून फोन आला की हात थरथरायचे. ईसीजी काढला, टूडी इको केला, सगळं व्यवस्थित. फॅमिली डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, कुणाशी तरी बोलू दे त्यांना.

त्याआधी दोन ठिकाणी प्रयत्न झाला, नावं घेत नाही. पहिल्या ठिकाणी हिंदी आणि गुजरातीच, आईला दोन्ही धड येत नाही, म्हणून माझ्या नववीतल्या मुलीला आत बसवून तिच्याकडून भाषांतर करून घेतलं. आता सांगा, आजी आपल्या नातीसमोर काय बोलणार? नवरा गेल्याचं दुःख, रात्री काय वाटतं, हे ती पोरीच्या तोंडून बाहेर जाऊ देईल का? "बरं आहे सगळं" म्हणून उठून आली. दुसरं एका ॲपवर, तिथे मराठी बोलणारी मुलगी मिळाली, भाषा एकदम छान, पण ती आईला म्हणाली की मुलीच्या घरी राहण्यात लाज कसली, हे जुने विचार सोडा, स्वतःसाठी वेळ काढा, एखादी हॉबी लावून घ्या. आईने फोन माझ्या हातात दिला आणि परत कधी त्या ॲपचं नाव काढलं नाही.

या मॅडमनी पहिल्या दिवशी आजाराचं काही विचारलंच नाही. गाव कुठलं, द्राक्षं होती का शेतात, पहाटे उठून काय करायचात, देव कुठला, कुलदैवताला शेवटचं कधी गेलात. मला वाटलं फीचे पैसे गप्पांत चाललेत. पण आई बोलत होती! चहा घेतला तिने तिथे, जी कुणाकडे पाणीसुद्धा घेत नाही. मग मॅडमनी हळूच विचारलं, "काकू, जावयाच्या घरी राहता, गावाकडचे काय म्हणतात?" आणि आई जी रडायला लागली ती थांबेचना. आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं जेवायचंसुद्धा नाही अशी रीत होती, आणि ही आता कायमची जावयाच्या दारात येऊन बसली, भावकीतलं कुणीतरी फोनवर टोमणा मारलेला, तो तिने मला कधी सांगितलाच नव्हता. धडधड तिथून होती. मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत की हे जुने विचार आहेत. म्हणाल्या, ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याला वाढलं त्याला आयतं ताटावर बसायला जड जाणारच.

नंतर त्यांनी बरेच साधे पण नेमके प्रश्न विचारले. हा त्रास तुम्हाला कशामुळे झाला असं वाटतं, तुमच्या बहिणीला काय वाटतं, तुम्ही याला काय म्हणता, गावाकडे कुणाला असं झालं तर काय करतात, बाहेरचं काही बघितलं का, अंगारा लावला का. आईने बिचकतच सांगितलं की हो, बहिणीने अंगारा पाठवलाय, उशाखाली आहे. मॅडम म्हणाल्या राहू दे की, त्याने झोप लागत असेल तर चांगलंच आहे, फक्त बीपीची गोळी चुकवायची नाही. थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या असंही सांगितलं आणि गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडे पाठवीन म्हणाल्या, म्हणजे नुसत्या गप्पा नव्हत्या.

हे सगळं मी माझ्या मावसबहिणीला फोनवर सांगितलं. ती कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये सोशल वर्कर आहे, तिच्याकडे येणारे बहुतेक लोक मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोरमधून आलेले, शेतात, हॉटेलच्या किचनमध्ये, बांधकामावर राबणारे. ती लगेच म्हणाली, अगं हे प्रश्न तर आम्ही पण विचारतो. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचं निदान करायच्या पुस्तकात, अशी १६ प्रश्नांची एक मुलाखतच दिलेली आहे, पेशंटच्या संस्कृतीतून त्याचा त्रास समजून घ्यायची. त्याच पुस्तकात 'आताके दे नेर्व्हिओस' पण नोंदवलंय, लॅटिनो लोकांत दिसणारा प्रकार, एकदम रडणं ओरडणं, अंग थरथरणं, छातीतून डोक्याकडे उष्णता चढत गेल्यासारखं वाटणं, आणि बऱ्याचदा हे घरातल्या माणसाबद्दल वाईट बातमी आली किंवा घरात मोठं भांडण झालं की होतं. वरवर पॅनिक अटॅक वाटतो, पण फक्त श्वासाचे व्यायाम देऊन पाठवलं तर मूळ कारण, म्हणजे घर, ते तसंच राहतं.

मला तिची एक गोष्ट फार पटली. ती म्हणाली की नुसती स्पॅनिश येणारी थेरपिस्ट बसवली की झालं असं लोकांना वाटतं, पण तसं नाहीये. प्युर्टो रिकोत काम करणारे मानसशास्त्रज्ञ गियेर्मो बर्नाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लिहून ठेवलंय की उपचार एखाद्या समाजाला लागू पडायचे असतील तर आठ बाजूंनी बघावं लागतं, आणि भाषा ही त्यातली एकच. बाकी मग समोरची माणसं कोण, म्हणी आणि उपमा कुठल्या वापरता, ध्येय कुणाचं धरता, परिस्थिती काय आहे, हे सगळं येतं. तिच्याकडे एखादा माणूस दर महिन्याला गावी आईला पैसे पाठवतो, काम सुटलं की पाठवता येत नाहीत, आणि तिथून त्याची झोप उडते. त्याला कुणी सांगितलं की आधी स्वतःचं बघ, पैसे पाठवणं बंद कर, तर तो दुसऱ्यांदा येतच नाही. मी ॲपवाल्या मुलीचा किस्सा सांगितल्यावर ती म्हणाली, एक्झॅक्टली हेच.

मुलांकडून भाषांतर करून घेण्याबद्दल तर ती चिडलीच. तिकडे सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना पेशंटला फुकट दुभाषी द्यावा लागतो आणि इमर्जन्सी सोडली तर लहान मुलांना दुभाषी म्हणून बसवायला नियमाने मनाई आहे. आपल्याकडे हे सर्रास चालतं. दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाने याचा विचार करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, राज्य बदललं की आपल्याच देशात म्हातारी माणसं मुकी होतात.

पण तिने हेही बजावलं की मावशीची आणि आमच्या पेशंटची तुलना एका मर्यादेपलीकडे करू नकोस. मावशीकडे आधार कार्ड आहे, मत आहे, वाटलं तर उद्या गाडीत बसून मिरजेला जाईल. तिच्या कितीतरी पेशंटकडे कागदपत्रं नाहीत, आईबाप वारले तरी त्यांना जाता येत नाही, गेले तर परत येता येणार नाही. कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी येईल का, की पकडून परत पाठवतील, ही भीती कुठल्या थेरपीने जाणार? म्हणून तिच्या क्लिनिकमध्ये थेरपीबरोबर वकिलाचा नंबर, धान्य कुठे मिळेल, मुलांच्या शाळेचं काम हे सगळं बघतात, त्याच वस्तीतल्या बायकांना शिकवून 'प्रोमोतोरा' म्हणून घरोघरी पाठवतात, कारण दवाखान्याच्या पाटीपेक्षा ओळखीच्या बाईवर विश्वास बसतो. फी कमाईप्रमाणे, आणि कागदपत्रं आम्ही विचारत नाही हे आल्याआल्याच सांगतात.

बरं, आता आपल्या सेंटरवर येते. तिसऱ्या की चौथ्या भेटीला मॅडमनी माझ्या मिस्टरांना बोलावलं. आई त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही, तिथेही उभीच राहिली, तर मॅडमनी दोघांनाही बाजूच्या सतरंजीवर बसवलं आणि स्वतःही खाली बसल्या. बोलता बोलता ठरलं की घरातलं दुधाचं बिल आई भरणार, स्वतःच्या खंडाच्या पैशातून. मिस्टर आधी तयार नव्हते, सासूकडून पैसे घ्यायचे म्हणजे त्यांना कसंतरीच वाटत होतं, पण मॅडमनी त्यांना समजावलं की तुम्ही नको म्हणता तो तुमचा मान आहे पण त्यांना द्यायचंय तो त्यांचाही मान आहे. त्या महिन्यापासून दूधवाल्याचा हिशोब आई कॅलेंडरवर लिहिते आणि पैसेही तीच देते. सगळ्यात मोठा फरक मला विचाराल तर यानेच पडला.

बाकी उपचार शास्त्रशुद्धच होते. धडधड सुरू झाली की सावकाश श्वास सोडायचा, तो आईला नामस्मरणाच्या लयीत बसवून दिला त्यामुळे ती तो खरंच करते. हळूहळू एकटीने बाहेर पडायची सवय, आधी सोसायटीच्या गेटपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बेनकडे, मग मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरात. तिथे मराठी बायका भेटल्या, त्यांची बडोद्याची मराठी आईला आधी गमतीची वाटायची, आता तीच 'चालशे' म्हणायला लागलीय. धडधड पूर्ण गेली असं म्हणणार नाही, गावाकडून फोन आला की अजून होते, पण तासभर टिकायची ती आता थोड्या वेळात शांत होते आणि पहाटेपर्यंत झोप लागते.

खटकलेल्या गोष्टी पण लिहिते. लिफ्ट नाही, गुडघेवाल्या माणसाला तो जिना चढवणं म्हणजे शिक्षा आहे, खाली एखादी खोली दिवसातून दोन तास तरी मिळाली तर फार बरं होईल. पार्किंगचं तर नावच काढू नका, रिक्षानेच जा. वेटिंगची जागा छोटी आणि आतलं बोलणं थोडं थोडं बाहेर ऐकू येतं, हे मला अजिबात आवडलं नाही, असल्या ठिकाणी तरी भिंत जाड पाहिजे, निदान पंखा-रेडिओ काहीतरी चालू ठेवा. रविवारी बंद असतं, म्हणजे नोकरीवाल्यांना सुट्टी काढावी लागते. फी एका भेटीची हजाराच्या आत आहे, पाऊण-एक तास देतात, घाई करत नाहीत. परवडत नसेल तर स्पष्ट सांगा, आमच्या समोर एका मकरपुरा जीआयडीसीतल्या कामगाराला कमी केलेली बघितली, तो मुलगा खानदेशातून एकटाच आलेला.

ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी, कारेलीबागला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, तिथे ओपीडी चालते. आणि टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला तर सेंटर बंदच असणार, तेव्हा हा नंबर फ्रीजवर लिहून ठेवा.

अपॉइंटमेंट फोनवरच घ्या, व्हॉट्सॲपला उत्तर उशिरा येतं. सकाळची वेळ मागा, म्हाताऱ्या माणसांना दुपारी ऊन आणि ट्रॅफिक दोन्हीचा त्रास होतो. आणि पहिल्या भेटीत त्या गावाचं, शेताचं विचारत बसल्या तर मध्ये बोलू नका, आईवडिलांना बोलू द्या.