प्राइम घ्यावं की साधं खातंच बरं?

अ‍ॅमेझॉन प्राइमचे वर्षाला १४९९ रुपये भरले की पार्सल लवकर येतं, वर व्हिडिओ. पण कुर्ता घालून पाहिल्यावर ‘नको बाई’ वाटलं, तर परतीची मुदत साध्या खातेदाराइतकीच. ती वस्तूवर ठरते, वर्गणीवर नाही. मोबाइल तर बहुधा फक्त बदलून मिळतो, तोही बिघडलेला असेल तर. ऑनलाइन विक्रीसाठीचे आपल्या सरकारचे २०२०चे ई-कॉमर्स नियमही परतीचा हक्क देतात तो सदोष, वर्णनाशी न जुळणाऱ्या किंवा उशिरा आलेल्या मालापुरताच. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीवर मन बदलायला कायद्यानेच १४ दिवस मिळतात, कुठलीही वर्गणी न भरता! (परत पाठवायचा खर्च मात्र बऱ्याचदा ग्राहकाच्याच माथी.)

दर आठवड्याला पार्सल येणाऱ्या घराने प्राइम खुशाल घ्यावं. आमच्यासारख्या दिवाळी-दसऱ्याच्या गिऱ्हाइकांनी चार वस्तू एकदम मागवून फुकट डिलिव्हरीची मर्यादा गाठावी.