समीकरण सोडवताना: बाजू बदलायची की तराजू धरायचा?

३क्ष + ५ = २० हे समीकरण मुलांना दोन तऱ्हांनी शिकवतात. एक, ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’: ३क्ष = २० − ५. दुसरी तराजूची: दोन्ही पारड्यांतून ५ काढा, मग दोन्ही बाजूंना ३ ने भागा. उत्तर एकच, क्ष = ५.

पहिली रीत झटपट आहे, परीक्षेत वेळ वाचतो. पण वह्या तपासायला बसलं की तिची किंमत कळते. ३क्ष = १५ पर्यंत बरोबर आलेलं मूल पुढच्या ओळीत क्ष = १५ − ३ लिहितं. त्याला दोष कसा द्यायचा? पलीकडे जाताना चिन्ह बदलतं, एवढंच तर आपण सांगितलेलं. इथे ३ मिळवलेला नाही, गुणलेला आहे, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. तराजूत ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण प्रत्येक ओळीला कारण असतं.

असमानतेत मात्र तराजूही अडतो. −२क्ष < ६ मध्ये −२ ने भागलं की चिन्ह उलटतं, क्ष > −३. ऋण वजन पारड्यात ठेवणार कसं? तिथे संख्यारेषा काढावी: २ < ५, पण −२ > −५. चिन्ह न उलटता क्ष < −३ लिहिलं असेल, तर क्ष = −४ ठेवून बघायला सांगा; ८ < ६ येतं आणि चूक मुलालाच सापडते.

माझं मत स्पष्ट आहे: आधी तराजूच. ‘मधली ओळ गाळली तर चालेल का?’ असं मुलानं आपणहून विचारलं, की मग बाजू बदलायला शिकवावं.