हलक्या लेन्सच्या नादात ४०,८५० रुपये गेले

जाहिरात बघून कॅमेऱ्याची वापरलेली लेन्स घ्यायला गेले आणि फसले. आकडे आधी सांगते. २,००० टोकन, ३०,००० अॅडव्हान्स आणि ८,८५० 'परत मिळणारा' पार्सल विमा. एकूण ४०,८५० रुपये, चार दिवसांत. सगळे मी स्वतः पाठवले, स्वतःचा पिन टाकून. हे लिहायला दोन महिने लागले, कारण घरात आणि ट्रेकच्या ग्रुपमध्ये 'अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका' असं सगळ्यांना बजावणारी मीच होते.

मला फुकटात काही लाटायचं नव्हतं, हे आधी समजून घ्या. माझ्याकडे पक्ष्यांचे फोटो काढायची निकॉनची जुनी ३०० एमएम एफ/४ लेन्स आहे. वजन १,४४० ग्रॅम. नऊ वर्षं तीच सॅकमध्ये घालून अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज केले, साल्हेरही दोनदा केला. मग मणक्याचं दुखणं सुरू झालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एकतर डोंगर सोडा नाहीतर ओझं. डोंगर सोडायचा नव्हता. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं घिरट्या घालतात तेव्हा लेन्स हातात धरून वीस-वीस मिनिटं उभं राहावं लागतं. हरिहरच्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबण्यांत घालावे लागतात, तिथे गळ्यात दीड किलो लोंबकळत असेल तर तोल जातो. २००-५०० झूम लेन्स घ्या असं सगळे सांगतात, पण ती ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट २,३०० ग्रॅम भरते. त्यापेक्षा माझी जुनीच बरी.

म्हणून निकॉनचीच २०१५ साली आलेली ३०० पीएफ हवी होती. पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल. त्या पद्धतीची काच असल्यामुळे ती आखूड आहे आणि वजन फक्त ७५५ ग्रॅम. लांबचं आणखी जवळ आणणारा १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की ४२० एमएम एफ/५.६ मिळते आणि तरीही सगळं मिळून किलोच्या आत. नवी परवडत नव्हती. पण लोक नव्या, आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळताहेत, जुन्या माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला अडकवायच्या जोडाच्या) चांगल्या लेन्स विकायला निघताहेत, त्यामुळे वापरलेली घ्यायची ठरवली. ६४,००० ची जाहिरात दिसली. संशय यावा इतका हा भाव कमी नव्हता, आणि ठरवूनच तो तसा ठेवला होता हे आता कळतं.

लष्करातला जवान, बदली झाली म्हणून घाईत विकतोय, ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. हा जाहिरातवाला तसा नव्हता. स्वच्छ मराठी बोलायचा, सातारचा आहे म्हणाला, पहिल्याच फोनला "ताई, नाशिकला म्हणजे नांदूरमधमेश्वरला जात असाल तुम्ही" म्हणाला. ते इथलं पक्ष्यांचं अभयारण्य. पीएफ काचेचा दोष विचारला, तर त्याने बरोबर सांगितलं की फ्रेममध्ये जोरदार उजेड आला तर रंगीत कडी उमटतात. दोष लपवत नाही तो माणूस खरा, असं मला वाटलं. दोष कोणालाही वाचून सांगता येतो, हे तेव्हा सुचलं नाही.

आता तो व्हिडिओ. मीच मागितला होता. अकरा सेकंदांचा, अगदी जवळून काढलेला. आधी पुढची काच दिसते, कडेला फिल्टरच्या मापाचा ७७ चा आकडा. मग माउंटची बाजू, आणि अंगठा आणि तर्जनी माउंटजवळची रिंग फिरवतात, कट्-कट् आवाज येतो. बुरशी नाही, ओरखडा नाही. मी तो व्हिडिओ निदान आठ वेळा पाहिला आणि मग २,००० पाठवले.

ती अॅपर्चर रिंग होती, लेन्समधून किती उजेड आत घ्यायचा ते हाताने ठरवणारी. ३०० पीएफला अॅपर्चर रिंग नसतेच. ती 'ई' प्रकारची लेन्स आहे, तिचं अॅपर्चर कॅमेरा विजेवर चालवतो. व्हिडिओतली लेन्स माझ्याकडे आहे तीच जुनी होती, तिलाही पुढे ७७ चाच फिल्टर बसतो. मी नऊ वर्षं जी रिंग रोज बोटांनी चाचपते, ती समोर फिरताना पाहून मला खटकायच्या ऐवजी ओळखीचं वाटलं. पीएफबद्दल सहा महिने वाचत होते मी. तिला रिंग नाही हे झोपेतही सांगितलं असतं. पैसे गेल्यावर पाचव्या दिवशी माझी जुनी लेन्स पुसायला काढली, रिंग फिरली, कट् झालं, आणि मी तिथेच मटकन खाली बसले.

पूर्ण लेन्स एका फ्रेममध्ये, शेजारी आजची तारीख हाताने लिहिलेला कागद, सीरियल नंबर, आणि मध्ये कुठेही न तोडता काढलेला व्हिडिओ, हे मागा. तेव्हाच्या तेव्हा व्हिडिओ कॉल करायला लावा. नाही म्हणाला तर फोन ठेवा.

पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. "वहिनीचं खातं आहे, माझं लिमिट संपलंय." मी मान्य केलं. नाव जुळलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका, समोरच्याने दिलेलं कारण कितीही पटणारं असलं तरी. मग ट्रॅकिंगची लिंक आली, तिच्यावर पार्सल भिवंडीला पोचलेलं दिसत होतं. लिंक त्यानेच पाठवलेली. कुरिअरचा नंबर कंपनीच्या साइटवर आपण स्वतः टाकून बघायचा असतो, इतकं साधं. महाग माल म्हणून ८,८५० विमा, डिलिव्हरीला परत. तेही दिले, कारण ३२,००० अडकले होते. त्यानंतर बिलात चूक झाली म्हणून ११,५०० मागितले तेव्हा माझ्या मुलीने फोन हातातून काढून घेतला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन करायला हवा होता. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात, सगळा खेळ पहिल्या तासांचा असतो. मी लाजेपायी रात्र घालवली आणि सकाळी केला. ही चूक माझी, ती मी कोणावर ढकलत नाही.

पण पुढचं जे झालं त्याचा राग अजून शमलेला नाही. पोलिस ठाण्यात दीड तास बाकावर बसवून पहिला प्रश्न काय, तर "मॅडम, एवढी महाग लेन्स कशाला लागते? मिस्टरांना माहीत आहे का?" पगार माझा, पैसे माझे, मणका माझा. मिस्टरांचा काय संबंध? मग म्हणाले खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही, सायबर पोलिसांकडे जा. तिथे म्हणाले ऑनलाइन तक्रार केलीत ना, मग पोचपावती घेऊन आधी तुमच्या ठाण्यात जा. तीन फेऱ्या, तीन अर्ध्या दिवसांच्या रजा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची. मी ते छापून नेलं. समोरच्याने कागद न वाचता परत दिला आणि "बघू" म्हणाला. स्क्रीनशॉट पेन ड्राइव्हवर आणा म्हणाले, आणला तर प्रिंट आणा म्हणाले. बँकेत तर दोन मिनिटांत मोकळे झाले. पिन तुम्ही टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं संरक्षण अनधिकृत व्यवहारांना आहे. नियम बरोबर असेल. पण समोरचं खातं कोणाच्या कागदपत्रांवर उघडलं, हे त्यांनी विचारायचं की मी?

तक्रारीची स्थिती आजही 'प्रक्रियेत' आहे.

लेन्स घ्यायची असेल तर गावातच घ्या, दिवसाउजेडी, स्वतःचा कॅमेरा घेऊन. दहा फोटो काढा, व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) चालू-बंद करून बघा, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत न्या, हसेना का कोणी.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, गाव सांगली, किंमत ६१,०००, व्हिडिओ तोच अकरा सेकंदांचा. मी ती तिथल्या तिथे रिपोर्ट केली, पोलिसांना लिंकही पाठवली. आज सकाळपर्यंत ती तशीच होती. कोणी या माणसाला पैसे दिले असतील तर लाजू नका, तुमचीही तक्रार नोंदवा. एकट्या माझ्या कागदाकडे कोणी बघत नाहीये.